सेल्फ मारताना किंचाळणारा स्टार्टर: शिम घालण्याआधी फट मोजा

आधी लक्षण सांगतो. किल्ली फिरवली की इंजिन फिरतं, सुरूही होतं, पण फिरताना वरच्या पट्टीतला किंचाळल्यासारखा आवाज येतो. काही आठवड्यांनी त्यात अधूनमधून ‘कर्रर्र’ मिसळतो. मग एके दिवशी सेल्फ मारला की नुसती मोटर फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही. स्टार्टर उतरवून बघावा तर पिनियनच्या, म्हणजे स्टार्टरच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाच्या, दातांचे शेंडे झिजून गोल झालेले. नवा स्टार्टर बसवला की काही महिने शांतता, आणि पुन्हा तेच.

माझ्या १९६७ सालच्या गाडीत शेव्हरोलेटचं ३२७ घनइंची व्ही-८ इंजिन आहे. त्यावर हा प्रकार तीनदा झाला. दोन स्टार्टर आणि एक रिंग गिअर (पिनियन ज्याला फिरवतं ते इंजिनाचं मोठं दातेरी कडं) गेल्यावर, चौथ्या खेपेला, गाडीखाली झोपून पिनियन आणि रिंग गिअर यांच्यातली फट मी पहिल्यांदा मोजली. तोवर ती कुणीच मोजली नव्हती. प्रत्येक वेळी जुन्या स्टार्टरबरोबर निघालेल्या दोन शिम (स्टार्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये घालायचे पातळ पत्रे) ‘होत्या तशा’ परत घातल्या जात होत्या. बिघाड स्टार्टरमध्ये नव्हताच. तो त्या दोन पातळ पत्र्यांत आणि चुकीच्या दोन बोल्टांत होता.

हे सगळं शेव्हरोलेटच्या स्मॉल ब्लॉक इंजिनांच्या घराण्याबद्दल लिहितोय. १९५५ साली २६५ घनइंचापासून ते सुरू झालं आणि पुढे २८३, ३२७, ३५० असं वाढत गेलं. यातल्या बहुतेक इंजिनांत स्टार्टर ब्लॉकच्या खालच्या बाजूला दोन उभ्या बोल्टांनी टांगलेला असतो. तुमच्या गाडीत तो बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या कवचाच्या) तासलेल्या गोल भोकात घट्ट बसत असेल, तर दातांमधलं अंतर त्या भोकानेच पक्कं केलेलं असतं. तिथे पुढचा हिशेब लागू होत नाही, आवाजाचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

आवाज नेमका कधी येतो?

‘स्टार्टर किंचाळतोय ना, मग शिम घाल’ हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धवट आहे आणि माझा रिंग गिअर त्यानेच खाल्ला. किंचाळण्याचे प्रकार दोन आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत.

इंजिनाने पेट घेण्याआधी, म्हणजे स्टार्टर त्याला फिरवत असतानाच आवाज येत असेल, तर फट जास्त आहे. दात एकमेकांत पुरेसे खोल शिरत नाहीत, सगळा भार शेंड्यांवर पडतो. पिनियन रिंग गिअरच्या जवळ आणायला हवं.

इंजिनाने पेट घेतल्यावर, किल्ली सोडता सोडता आवाज येत असेल, तर फट कमी आहे. दात एकमेकांत रुतून बसतात आणि पिनियनला वेळेवर मागे येता येत नाही. ते दूर न्यायला हवं.

दुसरा प्रकार ऐकायला किरकोळ वाटतो, पण मला त्याचीच जास्त भीती वाटते. पिनियनला ९ दात आणि मोठ्या रिंग गिअरला १६८, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात पिनियनचे साडेअठराहून अधिक फेरे होतात. इंजिन सुरू होऊन ८०० आरपीएमवर गेलं आणि पिनियन अजून अडकलेलंच असेल, तर ते मिनिटाला सुमारे १५,००० फेरे घेतं. मोटर त्या वेगाने फिरू नये म्हणून पिनियनच्या मागे वन-वे क्लच असतो, पण रोज सकाळी त्याची अशी परीक्षा घेतली तर तोही संपतो. शिवाय दात रुतले की पिनियन रिंग गिअरवरून बाजूला ढकललं जातं. तो धक्का आर्मेचरचा (मोटरच्या फिरणाऱ्या भागाचा) शाफ्ट, स्टार्टरचं नाक (पिनियनभोवतीचा, बोल्टांनी ब्लॉकला टेकणारा ओतीव भाग) आणि ब्लॉकचा कान (स्टार्टर जिथे टांगतात तो भाग) यांना सोसावा लागतो. नाकाला तडा गेलेले आणि ब्लॉकचा कानच तुटलेले नमुने मी पाहिले आहेत. स्टार्टर बदलता येतो, पण ब्लॉकचा कान तुटला की काम फार मोठं होतं.

कानावर विश्वास नसेल तर कुणाला तरी किल्ली फिरवायला बसवा आणि बॉनेट उघडून फोनवर आवाज रेकॉर्ड करा. दोन-तीनदा ऐकलं की पेट घेण्याचा क्षण स्पष्ट कळतो आणि किंचाळणं त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हेही.

आणखी दोन आवाज यांच्यात मिसळू देऊ नका. इंजिन सुरू झाल्यावरही किल्ली धरून ठेवलेली असताना मोठ्ठा ‘हूऽऽप’ असा आवाज आला, तर वन-वे क्लच गेलेला आहे. इंजिन सुरू झालं, किल्ली सोडली आणि स्टार्टर थांबता थांबता घरघर किंवा ठकठक झाली, तर आर्मेचर वाकलेलं किंवा असंतुलित आहे. या दोन्हींना शिम घालून काहीही होणार नाही. मात्र वाकलेल्या आर्मेचरमागे कमी फटीचा इतिहास असू शकतो, म्हणून नवा स्टार्टर चढवताना फट मोजल्याशिवाय बोल्ट आवळू नका.

नुसतं ‘टक’ होऊन काहीच फिरत नसेल तर आधी बॅटरी, केबल आणि अर्थ बघा. इंजिन फिरवताना बॅटरीचं व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये.

गरम इंजिन जड फिरतं आणि गार झालं की पुन्हा सहज फिरतं, अशी तक्रार असेल तर दोष लगेच बॅटरीला किंवा शेजारच्या एक्झॉस्टच्या उष्णतेला दिला जातो. बरेचदा तो तिथेच असतोही. पण फट आधीच कमी असेल तर तापल्यावर ती आणखी आवळते आणि लक्षण हेच दिसतं. तेव्हा मोजून घ्या.

आणि एक फसवं लक्षण. आवाज कधी येतो, कधी येत नाही. चार वेळा गुळगुळीत, पाचव्यांदा कर्रर्र. अशा वेळी रिंग गिअरचा एखादा पट्टाच झिजलेला असतो. व्ही-८ इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनच्या दाबामुळे साधारण चारच जागी येऊन थांबतं, कारण एका फेऱ्यात चार सिलिंडरांचं कॉम्प्रेशन येतं. म्हणून पिनियन पुन्हा पुन्हा त्याच चार जागी आदळतं. तपासायचं सोपं आहे. कर्रर्र झालं की पुन्हा सेल्फ मारू नका. क्रँकच्या पुढच्या बोल्टवर पाना लावून इंजिन थोडंसं फिरवा आणि मग किल्ली द्या. आता गुळगुळीत सुरू झालं तर रिंग गिअर काढण्याची वेळ आली आहे. झिजलेल्या दातांवर कितीही शिम लावल्या तरी ते परत उगवत नाहीत.

खाली जाण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, आणि काढून बाजूला बांधून ठेवा. स्टार्टरची जाड केबल थेट बॅटरीला जोडलेली असते, मध्ये फ्यूज नसतो. पाना तिला आणि इंजिनाला एकदम लागला तर पाना तिथेच चिकटतो आणि हात भाजतो. गाडी जॅकवर न ठेवता घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. इंजिन गार होऊ द्या. आणि शेवटचा बोल्ट काढताना एक हात स्टार्टरखाली हवा. जुना डेल्को स्टार्टर सात-आठ किलोंचा ऐवज असतो आणि खाली तुमचं तोंड असतं.

स्टार्टर उतरवल्यावर आधी दात मोजा. या इंजिनांत रिंग गिअर दोन मापांचे येतात: १५३ दातांचा, १२.७५ इंची, आणि १६८ दातांचा, १४ इंची. भागाकार करून पाहा, दोन्हींत व्यासाच्या इंचाला बरोबर १२ दात पडतात. म्हणजे दातांची घडण एकच, फक्त केंद्रापासूनचं अंतर वेगळं. म्हणूनच पिनियन दोन्हींना चालतं, पण नाक चालत नाही. १५३ ला दोन्ही बोल्ट एका सरळ रेषेत असलेलं नाक लागतं आणि १६८ ला एक बोल्ट पुढे, एक मागे असं तिरकं. नंतरच्या अनेक नाकांना तीन भोकं असतात आणि ती दोन्हीकडे बसतात. त्यात सोय आहे तशीच गफलतीची जागाही आहे, कारण चुकीच्या जोडीच्या भोकांतून बोल्ट घातले तरी स्टार्टर चढतो. दोन रिंग गिअरांच्या त्रिज्येत जवळपास १६ मिलिमीटरचा फरक आहे. तो शिमने भरून निघणारा नाही.

मग बोल्ट. माझ्या गाडीतली खरी चोरी इथेच सापडली. या स्टार्टरला जागेवर धरणारी वेगळी पिन किंवा खाच नसते. ते काम बोल्टच करतात. त्यासाठी मूळ बोल्टांच्या आट्यांच्या वरच्या भागावर बारीक उभ्या धारा पाडलेल्या असतात. त्या धारांमुळे बोल्ट भोकात घट्ट बसतो आणि स्टार्टर बाजूला सरकू शकत नाही. आटे ३/८ इंच, इंचाला १६. तेच आटे असलेला साधा बोल्ट मिळतो, बसतो, आवळतोही. पण भोकात तो सैल राहतो आणि स्टार्टर बोल्ट आवळताना जिथे असेल तिथेच अडकतो. दर वेळी फट वेगळी. जोराने सेल्फ मारला की आणखी थोडी सरकते. माझे दोन्ही बोल्ट साधे निघाले. तुमचे तसे असतील तर पुढचं काहीही करण्याआधी ते बदला. सैल बोल्टांवर घेतलेल्या मापाला अर्थ नाही.

ब्लॉकचा आणि नाकाचा टेकणारा भाग पुसून स्वच्छ करा. तिथला रंग, गंज, जुन्या शिमचा चिकटलेला तुकडा, हे सगळं फटीत मोजलं जातं.

फट मोजणं

स्टार्टर शिमशिवाय वर चढवा, दोन्ही बोल्ट पूर्ण आवळा, ३० ते ३५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ४० ते ४७ न्यूटन-मीटर. नुसत्या हाताने बसवून घेतलेलं माप खोटं असतं. फ्लायव्हीलचं किंवा कन्व्हर्टरचं खालचं झाकण काढलं की रिंग गिअर दिसतो.

पहिलं माप पिनियन मागे, विश्रांतीच्या जागी असताना. त्याचं तोंड आणि रिंग गिअरची कड यांच्यात दीड ते तीन मिलिमीटर मोकळी जागा हवी. याहून जवळ असेल तर चालत्या इंजिनात दातांना दात लागू शकतात.

दुसरं माप महत्त्वाचं. स्क्रू ड्रायव्हरने पिनियन पुढे रेटून रिंग गिअरमध्ये पूर्ण बसवा. गरज पडली तर इंजिन हाताने किंचित फिरवा, म्हणजे पिनियनचा एक दात रिंग गिअरच्या दोन दातांच्या मधोमध सरळ येईल. आता पिनियनच्या दाताचा शेंडा आणि समोरच्या खाचेचा तळ यांच्यामधून गोल तार घालायची. ०.५ मिलिमीटरची तार सहज गेलीच पाहिजे. ०.९ ची अडकत असेल किंवा जेमतेम जात असेल तर उत्तम. ०.५ ते ०.९, इंचात ०.०२० ते ०.०३५, एवढंच घर लक्षात ठेवायचं.

फिलर गेजची चपटी पट्टी इथे उपयोगाची नाही, ती खाचेच्या गोलाईत नीट बसत नाही. तारेचं गेज नसेल तर गिटारच्या तारा घ्या. त्या इंचाच्या हजाराव्या भागातच मोजून विकल्या जातात. ०.०२० ची साधी, वर वेटोळं नसलेली तार म्हणजे आपली अर्ध्या मिलिमीटरची खालची मर्यादा. मी अजूनही तीच वापरतो.

आता इंजिन पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा, असं चार जागी. फिरवण्याआधी दर वेळी पिनियन मागे घ्यायला विसरू नका. फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिक गाडीत रिंग गिअर जिच्यावर असतो ती पातळ तबकडी) थोडी वाकडी असतेच, म्हणून चारही आकडे सारखे येणार नाहीत. सगळ्यांत कमी आकडा जिथे येतो ती जागा खडूने खुणावून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या जागेवरच करायचा. एकाच जागी मोजून काम उरकलं आणि ती जागा नेमकी दूरची निघाली, तर जवळच्या जागी दात रुततील. चार आकड्यांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर मी शिमचा विचार सोडून फ्लेक्सप्लेटच बदलेन.

स्टार्टर टेबलावर असताना आणखी एक तपासणी उरकून घ्या. सोलेनॉइडपासून, म्हणजे पिनियन पुढे ढकलणाऱ्या विद्युतचुंबकापासून, मोटरकडे जाणारी पट्टी सोडवा. एस टर्मिनलला (किल्लीकडून तार येते त्याला) १२ व्होल्ट आणि बॉडीला निगेटिव्ह जोडा. मग सोलेनॉइडच्या मोटर टर्मिनलला क्षणभर अर्थ द्या. पिनियन पुढे येऊन तिथेच थांबेल आणि मोटर फिरणार नाही. पुढे आलेल्या पिनियनला बोटाने मागे दाबून त्याचा ढिलेपणा काढा आणि पुढचा थांबा आणि पिनियन यांच्यातलं अंतर पाहा. ते ०.२५ ते ३.५ मिलिमीटरच्या आत हवं. नसेल तर आतला काटा किंवा सोलेनॉइड चुकीचा जुळवलेला आहे, तो आधी नीट करा. हे सगळं अर्ध्या मिनिटात आटपा, सोलेनॉइडची गुंडाळी तापते.

शिम काय करते

इथे लोक सगळ्यांत जास्त चुकतात. नेहमीची शिम ०.०१५ इंच, म्हणजे जवळपास ०.३८ मिलिमीटर जाडीची असते. ती दोन तऱ्हेने लावता येते आणि परिणाम उलटे होतात.

पूर्ण शिम, म्हणजे दोन्ही बोल्टांखाली येणारी, अख्खा स्टार्टर खाली नेते. पण पिनियन क्रँकच्या सरळ खाली नसून बाजूला असतं. त्यामुळे स्टार्टर ०.३८ ने खाली गेला तरी पिनियन आणि क्रँक यांच्या केंद्रांमधलं अंतर त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यानेच वाढतं. एका पूर्ण शिमने फट वाढते अंदाजे ०.१३ मिलिमीटर.

अर्धी शिम फक्त बाहेरच्या बोल्टाखाली घालायची, म्हणजे ब्लॉकपासून लांबच्या. आता आतला बोल्ट बिजागरीसारखा वागतो. स्टार्टरचा बाहेरचा कान खाली झुकतो आणि खाली लोंबणारं पिनियन आतल्या अंगाला, रिंग गिअरकडे झुलतं. एका अर्ध्या शिमने फट कमी होते अंदाजे ०.२५ मिलिमीटर.

पुन्हा सांगतो, कारण माझे दोन स्टार्टर यातच गेले: दोन्ही बोल्टांखाली शिम म्हणजे दूर, फक्त बाहेरच्या बोल्टाखाली म्हणजे जवळ. फट जास्त असताना पूर्ण शिम घातली तर आजार वाढवला. आणि फक्त आतल्या बोल्टाखाली शिम कधीच नाही.

माझे आकडे असे निघाले. साधे बोल्ट आणि जुन्या दोन पूर्ण शिम असताना दोनदा चढवून दोनदा मोजलं, तर एकदा १.३ आणि एकदा १.१. धारांचे बोल्ट घातल्यावर तिन्ही वेळा १.२. म्हणजे निदान आकडा स्थिर झाला. दोन्ही पूर्ण शिम काढल्यावर ०.९५ च्या आसपास. मर्यादेच्या किंचित बाहेर आणि आवाज पुष्कळ कमी. बाहेरच्या बोल्टाखाली एक अर्धी शिम घातली आणि ०.७ वर आलो. त्यानंतर किल्ली फिरवली तेव्हा जो आवाज आला तो मी या गाडीत कधी ऐकलाच नव्हता. नुसतं इंजिन फिरल्याचा, दमदार, घोगरा.

शिम नसतानाही फट वरच्या टोकाला का होती, याचं उत्तर गाडीच्या जुन्या कागदांत मिळालं. माझ्याकडे येण्याआधी इंजिनाचा ओव्हरहॉल झाला होता आणि मेन बेअरिंगची लाइन बोअर केली होती, म्हणजे क्रँक ज्यांत फिरतो ती भोकं एका रेषेत पुन्हा तासली होती. लाइन बोअरमध्ये क्रँक केसाएवढा का होईना, वर सरकतो. स्टार्टर खाली टांगलेला, तो जिथल्या तिथे. म्हणून ओव्हरहॉलच्या आधीचा शिमचा हिशेब ओव्हरहॉलनंतर चालत नाही. हेच स्टार्टर बदलल्यावर, नाक बदलल्यावर, फ्लेक्सप्लेट बदलल्यावरही खरं आहे. यांपैकी काहीही हललं की शून्य शिमपासून सुरुवात करायची.

एकाच्या जागी दोन अर्ध्या शिम लागल्या तर मी लावतो. तिसरी लागत असेल तर थांबून नाक, बोल्ट आणि रिंग गिअरचे दात पुन्हा मोजतो. इतका तिरका टांगलेला स्टार्टर मला नको वाटतो. गिअर रिडक्शनचा छोटा स्टार्टर असेल तर त्याच्याबरोबर आलेल्या शिम आणि त्याचा कागद वापरा, तिथे वरचे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

पुढचा आधार

स्टार्टरच्या मागच्या टोकाला, म्हणजे इंजिनाच्या पुढच्या बाजूला, ब्लॉकला जोडणारी एक छोटी पट्टी असते. ओव्हरहॉलनंतर ती हमखास बाजूला पडलेली सापडते, कारण तिच्याशिवायही गाडी सुरू होते. ती नसली की सात-आठ किलोंचं लांबलचक धूड नुसत्या दोन बोल्टांवर डुलत राहतं, आणि ब्लॉकचा कान तुटण्यामागे मला हे एक मोठं कारण वाटतं. ती शोधून लावाच. मात्र सगळ्यांत शेवटी: मुख्य बोल्ट आवळून, फट मोजून झाल्यावर. पट्टी हाताने सहज बसली पाहिजे. ओढून-ताणून लावली तर ती स्टार्टर वाकडा करते आणि केलेलं सगळं माप वाया जातं. शिम घातल्यावर भोकं जुळत नसतील तर पट्टीचं भोक कानसने थोडं लांबट करा.

हे आवळल्यावर खडूच्या खुणेपाशी एकदा पुन्हा तार घालून बघा. मग पिनियनच्या दोन-तीन दातांना निळ्या मार्करने रंगवा, बॅटरी जोडा आणि दहा-बारा वेळा सेल्फ मारा. बॅटरी पुन्हा काढून झाकणातून बघा. शाई दाताच्या अंगाच्या मधल्या भागातून उडालेली दिसली तर फट बरोबर आहे. फक्त शेंड्यापाशी उडाली असेल तर अजून जवळ आणायला हवं. शेंड्याच्या डोक्यावरून किंवा खाचेच्या तळातून उडाली असेल तर दात रुततायत, दूर न्या. माझ्या पिनियनवर दुसऱ्या खेपेला शाई मधोमध उडालेली निघाली, तेव्हाच झाकण लावलं.